ताईची घाई

आमच्या तबकडीतल्या तिसऱ्या गाण्यात ताई एक मात्रा आधी शिरते. संगीतकाराने सगळ्या गाण्यांत ठरवून दिलं होतं, ओळ मी गायची आणि ती संपली की ताईने मागून तीच म्हणायची. तिसऱ्यात मात्र माझी ओळ संपायच्या आतच तिचा आवाज माझ्यावर चढतो. तेव्हा वादकांसकट सगळं एका दमात ध्वनिमुद्रित व्हायचं, एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. स्टुडिओची वेळ संपत आली होती, म्हणून ते तसंच राहिलं. आणि गंमत बघा, लोकांनी नेमकी तीच जागा डोक्यावर घेतली. आजही बसमध्ये, स्वयंपाकघरात गुणगुणणारे तिथे आधीच शिरतात. मी मात्र जन्मभर ताईला 'घाईबाई' म्हणून चिडवत आले.

आता कंपनीला तबकडी नव्याने काढायची होती. फेरफार करायला आमची परवानगी लागते, म्हणून साहेबांनी दोघींना ऐकायला बोलावलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये ताईचा आवाज गेला, ती आता नुसती कुजबुजते. तिचं गाणं उरलंय ते त्या तबकडीतच. तंत्रज्ञाने तिसरं गाणं लावलं. माझी ओळ पुरी संपली, ताई शहाण्या मुलीसारखी थांबली आणि मग गायली. संगणकावर तिचा आवाज सुटा करून मागे सरकवला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

साहेब म्हणाले, नव्या कानांना चूक खटकते. मी म्हटलं, खटकू दे, कान शाबूत असल्याचं लक्षण आहे. मग त्यांनी ताईकडे मोर्चा वळवला. इतकी वर्षं तुम्हालाही वाईट वाटत असेलच ना, असं गोडीगोडीत विचारलं.

ताईने त्यांना जवळ बोलावलं. "चूक नव्हती ती," ती कुजबुजली. "दर वेळी हिच्या मागूनच गायचं. त्या दिवशी मला थांबायचंच नव्हतं."

या बाईने माझ्या डोळ्यांदेखत बंड केलं होतं आणि मी त्याला घाई म्हणत होते. लाज वाटली, पण खरं सांगते, अभिमान त्याहून जास्त वाटला.

आहे तसंच काढा, नाहीतर काढू नका, असं मी साहेबांना सांगून टाकलं. ते हसले. मग लोक ही गाणी विसरतील, म्हणाले.

"तुम्ही कंपनीत लागायच्या आधीपासून लोक ती गातायत," मी म्हटलं, "आणि ताईसारखीच गातायत. जा, त्यांना थांबवून दाखवा."