पहिल्या फेराचा मान

त्या दिवशी सकाळी पर्सिदाने झाडू हातात घेतला तो अंगण झाडायला नव्हे. मधाच्या पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा थर पडला होता. काही अजून जीभ बाहेर काढून गरगरत होत्या. कुंपणापलीकडे मिलोयेचं सूर्यफूल ऐन फुलात होतं आणि त्यातून त्याचा फवारणीचा ट्रॅक्टर खुशाल फिरत होता. माश्या घरी परतल्यावर, अंधार पडला की फवारायचं, हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिलोयेला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

पर्सिदा कुंपणाशी गेली. "मिलोयेभाऊ, उन्हाचं फवारताय? माश्या मेल्या की माझ्या."

त्याने इंजिनसुद्धा बंद केलं नाही. "तुझ्या कशावरनं? ढुंगणावर नाव लिवलंय का तुझं? माझ्या फुलावर फुकट चरत हुत्या, त्याचं भाडं मागितलं का म्या कधी?"

"सगळ्या पेट्या गेल्या, भाऊ."

"मग म्हाताऱ्या झाल्या आसतील. तू बी झालीसच की."

एवढं बोलून तो पुढच्या सरीत शिरला. पर्सिदाने मूठ-दोन मूठ माश्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरल्या आणि डबा फ्रीजरमध्ये, मिरच्यांच्या पिशव्यांखाली ठेवून दिला. नवरा गेला तेव्हाही तिने एवढे दात आवळले नव्हते.

साक्ष द्यायला गावात कुणी तयार होईना. निम्म्या गावाची जमीन मिलोयेकडे खंडाने, उरलेलं निम्मं त्याच्या ट्रॅक्टरवर कामाला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? गावच्या मधपाळ संस्थेची ती अध्यक्ष होती खरी, पण संस्थेकडे एक शिक्का आणि मध काढायचं जुनं यंत्र, याखेरीज काही नव्हतं. माश्या तपासणारी प्रयोगशाळा पैसे मागत होती आणि वकील त्याच्या कितीतरी पट.

ऑगस्टात तिची नणंद कोसारा व्हिएन्नाहून सुट्टीला आली. बेवारशी कुत्र्यांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या संस्थेत ती फोनवर बसायची. तिने वहिनीचं सगळं ऐकलं, डबा उघडून बघितला आणि फोन काढला.

"आपण वर्गणीचं पान काढू. पण सगळ्या पेट्या मेल्या आसं लिहायचं न्हाई, वहिनी. एका पेटीचं सांगायचं. दादानं शेवटची रंगवलेली ती निळी पेटी. तिच्याशेजारी हुबी ऱ्हा, फोटो काढते."

"मला रडू येतंय, वन्सं."

"रडायचं न्हाई. रागानं बघ. रडणाऱ्याला लोक धीर देत्यात, पैसं रागावलेल्याला देत्यात. आन पैसं कशापायी पाहिजेत ते पहिल्याच ओळीत. आडपडदा ठेवायचा न्हाई. ज्यानं दिलं त्याचं नाव घेऊन समद्यांम्होरं आभार मानायचं."

पहिल्या ओळीत पर्सिदाने लिहिलं: 'माझ्या माश्या कशाने मेल्या ते तपासून, मारणाऱ्याला कोर्टात उभं करण्यासाठी.' तोच कागद तिने गावच्या दुकानाच्या दारावरही डकवला. व्हिएन्नातून पाच, साल्झबुर्गातून दहा, असे युरो येऊ लागले. देणारे बहुतेक गावातून परदेशी गेलेले, ज्यांची जमीन मिलोये वर्षानुवर्षं मातीमोलाने कसत होता. पर्सिदा रोज संध्याकाळी चष्मा लावून त्या पानावर एकेकाचं नाव घेऊन आभार मानायची.

खानावळीत मिलोयेच्या कानावर एवढंच आलं की पर्सिदा फोनवर भीक मागते. तो हसला. "दात कोरून पोट भरतंय व्हय?" कशासाठी मागते ते त्याने विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. ज्याला गाव भितं त्याला गाव काही सांगत नसतं. दारावरचा कागद वाचायला तो स्वतः दुकानात कधी जातच नव्हता, गडी जायचे.

देवमातेच्या जत्रेत नाचाचा पहिला फेर लिलावात विकतात. जो घेईल तो रुमाल फिरवत सगळ्या गावाच्या पुढे नाचतो, आणि पैसा गावच्या एखाद्या संस्थेला जातो. गेल्या साली आगीच्या बंबवाल्यांना गेला, यंदा पाळी मधपाळांची होती. दरसाल मिलोये एका कोकराच्या भावात फेर घ्यायचा. त्याच्यापेक्षा चढी बोली लावायची कुणाची छाती?

यंदा कोसाराने शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि फोनवरून येणारी बोली तीवर झळकवली. पर्सिदाने माईक घेतला. "पैसं मधपाळांच्या निधीत जाणार. कशापायी ते दुकानाच्या दारावर लिवलंय. वाचा, मग बोला." मिलोये तेव्हा भाजलेल्या कोकराची मांडी सोलत होता.

त्याने नेहमीचा आकडा पुकारला. चादरीवर दुप्पट उमटला.

"ह्यो कोण?" तो म्हणाला.

"परदेशी गेलेली समदी मिळून," कोसारा म्हणाली. "त्यांनी घेतला तर वहिनी म्होरं नाचंल."

"रांडमुंड बाई? काळ्या कापडात पयला फेर धरणार?" मिलोयेने मांडी ताटात टाकली आणि आकडा वाढवला. चादरीवरचा आकडा चढला. मिलोये त्याच्याही वर गेला. कर्णेवाले कर्णे मांडीवर ठेवून बघत बसले. त्याची बायको अस्तनी ओढत होती. "अवो, बास की आता."

"बास काय बास? लोक बघत्यात."

जुन्या ट्रॅक्टरची किंमत झाली तेव्हा कुठे चादर थांबली. मिलोयेने बायकोला पिटाळून घरातले युरो आणवले आणि पुडकं टेबलावर आपटलं. "घ्या. जर्मन माश्या आणा ह्यातनं."

कर्णे वाजले. मिलोये घामाघूम होऊन रुमाल फिरवत पुढे नाचला. पर्सिदाने सगळ्यात शेवटच्या माणसाचा हात धरला आणि तीही नाचली. फेर संपताच तिने पुन्हा माईक घेतला.

"आमच्यात रीत हाय, देणाऱ्याचं नाव घिऊन आभार मानायची. माझ्या माश्या मारणाऱ्याला कोर्टात हुबं करायला सगळ्यात मोठी देणगी मिलोयेभाऊंनी दिली. वकील आता बेलग्रादचा करू."

सगळ्यांनी आधी मिलोयेकडे बघितलं. मग मागे एक म्हातारी फिसकन हसली आणि सगळं मैदान हसलं, त्याचे ट्रॅक्टरवालेसुद्धा. मिलोयेचं तोंड बिटासारखं लाल झालं. तो टेबलाशी आला. "माझं पैसं माघारी दे."

कोसाराने माईक त्याच्यापुढे धरला. "देते की, दादा. पण दिलंत समद्यांम्होरं, तर मागा बी समद्यांम्होरं."

त्याने माईककडे बघितलं, मैदानाकडे बघितलं. हात पुढे आला आणि मागे गेला. मग तो रुमाल खिशात कोंबत गाडीकडे निघाला. पर्सिदाला फार बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

दिवेलागणीला घरी येऊन तिने फ्रीजर उघडला, मिरच्या बाजूला केल्या आणि डब्यावरचा बर्फ अस्तनीने पुसला.

"चला गं बायांनो," ती म्हणाली, "त्यानंच भाडं भरलंय. आता कोर्टात जाऊन बोला."