एक्क्याण्णव टक्के यंत्र

मानसी तोरसकर या तृतीय वर्ष कला शाखेतल्या मुलीचा प्रकल्प एक्क्याण्णव टक्के यंत्राने लिहिलेला आहे, असं कॉलेजच्या पोर्टलने जाहीर केलं, तेव्हा जयवंत परुळेकर सरांना धक्का बसला नाही. उरलेले नऊ टक्के तिने कुठून आणले असतील, एवढाच प्रश्न त्यांना पडला.

संशय हा सरांचा मूळ स्वभाव. विलेपार्ल्याच्या त्या कॉलेजात मराठी शिकवून शिकवून तो चांगला मुरला होता. पूर्वी ते पोरांच्या बाहीत चिठ्ठ्या शोधत. मग गाइडं आली, झेरॉक्स आली, एकच प्रकल्प दरवर्षी नाव बदलून यायला लागला. सरांनी प्रत्येक वेळी पकडला. एकदा तर शेवटच्या पानावर मूळ मालकाने आपल्या आत्याचे मानलेले आभार तसेच राहिले होते. आता मुलं फोनला विचारतात आणि फोन प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत सगळं लिहून देतो. पकडायला हातात काही लागतच नाही. म्हणून कॉलेजने यंत्र पकडायला यंत्र आणलं. त्याचं नाव ‘प्रज्ञाचक्षू’. हा शब्द मराठीत अंधांसाठी वापरतात, हे नाव ठेवणाऱ्या कंपनीला कुणी सांगितलं नाही. मराठी विभागाला कुणी विचारलं नाही.

नियम सुटसुटीत होता. चाळीस टक्क्यांच्या वर यंत्र निघालं की विद्यार्थ्याच्या पडद्यावर एक चौकट उघडे : ‘होय, मी मदत घेतली.’ तिथे टिक केली की निम्मे गुण मिळत आणि प्रकरण मिटे. टिक केली नाही तर प्राचार्यांसमोर सुनावणी. सुनावणीत हरलं की शून्य, आणि शून्य म्हणजे वर्ष गेलं. मराठीच्या वर्गात जवळजवळ सगळेच चाळीसच्या वर निघाले आणि सगळ्यांनी मुकाट्याने टिक केली. ज्यांनी मदत घेतली होती त्यांनीही, घेतली नव्हती त्यांनीही. निहार नावाचा एक सरळ मुलगा तर टिक करून झाल्यावर सरांना विचारायला आला, की सर, मी नक्की कसली मदत घेतली?

मानसीने टिक केली नाही.

“का नाही केलीस?” सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावून विचारलं.

“मी मदत घेतलीच नाही, सर.”

“सगळ्यांनी केली.”

“सगळ्यांचं सगळे बघून घेतील ना. मी कशाला खोटं बोलू?”

“निम्मे गुण मिळतात. पास होशील.”

“आणि बीएडला गेल्यावर? मला टीचर व्हायचंय, सर. माझ्या रेकॉर्डवर पहिलीच ओळ काय, तर हिने कॉपी केली.”

सरांनी प्रकल्पाचं शीर्षक पुन्हा पाहिलं. ‘बोरिवलीतील गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांची भाषा.’

“हा विषय तुला सुचला?”

“आई डबे करते. संध्याकाळचे मी पोचवते, बोरिवली ईस्टला. डबेवाल्यांना मेन लिफ्टमध्ये घेत नाहीत. मागच्या लिफ्टसाठी ताटकळायचं. समोर नोटीस बोर्ड असतो. दुसरं वाचणार काय?”

“फोटो आहेत?”

“थोडे आहेत. वॉचमन काढू देत नाहीत. बाकीचं हाताने उतरवून घेतलं.”

“फोटो काय, हल्ली तेही यंत्रच काढतं.”

“मग काय दाखवू? आईला घेऊन येऊ?”

सरांनी याचाही क्षणभर विचार केला. आई येईल, पण ती हिचीच कशावरून?

“आणि मला एक सांग,” ते म्हणाले. “बोलतेस तू असं. आणि लिहितेस, ‘प्रस्तुत सूचनांतून प्रकट होणारी सामूहिक अविश्वासाची जाणीव’. हे कसं काय?”

“तुम्हीच शिकवलंत. ‘प्रस्तुत’ नसलं तर मार्क कापता.”

हे खरं होतं. त्यामुळे सरांचा संशय आणखी वाढला.

सुनावणी शनिवारी होती आणि तिच्याआधी सरांनी आपलं मत द्यायचं होतं. तुलनेसाठी म्हणून त्यांनी पोर्टलवर बाकीचे प्रकल्प उघडले. अख्ख्या वर्गात एकच मुलगा निर्दोष होता. हर्षद. वर्गात तो क्वचित दिसे, पण पोर्टलने त्याला अठ्ठ्याण्णव टक्के मानवी ठरवून वर शेराही दिला होता : ‘लेखकाचा स्वतःचा आवाज ठळकपणे जाणवतो.’ सरांनी मोठ्या उत्सुकतेने तो आवाज ऐकायला घेतला. पहिलीच ओळ होती : ‘नक्कीच! तुमच्या विनंतीनुसार मासळी बाजारावरील प्रकल्प मालवणी बोलीत खाली देत आहे.’

हर्षद कँटीनमध्ये समोसा-पाव खात होता. सरांनी फोन त्याच्यासमोर धरला.

“वाच.”

हर्षदने वाचलं. “अरे यार,” तो म्हणाला. “सॉरी सर. राहिलं काढायचं.”

“तू मालवणचा?”

“नाय सर, घाटकोपर. पप्पा सांगलीचे.”

“मालवणी येते?”

“जेवायला येते.”

“हर्षद!”

“सर, ऐका ना. त्या पोर्टलला मराठी वाचताच येत नाय. ते आपलं मराठी आधी मशीनमध्ये टाकतं आणि इंग्लिश करून घेतं. मग ते इंग्लिश बघून बोलतं, अरेच्चा, हे तर मशीनने लिहिलंय! बरोबरच आहे ना त्याचं. मशीननेच लिहिलंय, फक्त त्याच्याच मशीनने. म्हणून स्वतः लिहिणाऱ्यांची सगळ्यात जास्त वाट लागते.”

“आणि मालवणी?”

“मालवणीचं इंग्लिश करताना ते पार गंडतं. बांगड्याचं काय, कालवांचं काय, कायच्या काय निघतं. एवढी घाण मशीन करूच शकत नाय, माणूसच पायजे, असं त्याला वाटतं. झकास पास.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहितीये, सर. टीचर लोक सोडून.”

सर दोन जिने चढून शीतल मॅडमच्या केबिनमध्ये गेले. शीतल मॅडम डिजिटल मूल्यमापनाच्या समन्वयक होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“हो, भाषांतर होतं,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“दार लावून घ्या, सर. करारात लिहिलंय, ‘भारतीय भाषांची सोय उपलब्ध’. हीच ती सोय.”

“अहो, मग ती पोरं उगाचच—”

“उगाच कसं? त्यांनी स्वतःहून टिक केलीये. इतक्या मुलांनी कबुली दिली म्हणजे पोर्टल अचूक चालतंय, असं मी मॅनेजमेंटला कळवलंसुद्धा.”

“एकीने केलेली नाही.”

“तिचंच तर अडलंय. तिला समजवा ना तुम्ही. नाहीतर वाचून काहीतरी ठोस सापडलं असेल तर सुनावणीत मांडा. वाचलंयत ना तुम्ही?”

“अर्थात वाचलंय,” सर म्हणाले.

सरांनी वाचली होती ती टक्केवारी, शीर्षक, प्रस्तावनेतलं एक वाक्य आणि पोर्टलने काढून दिलेला पाच ओळींचा गोषवारा. त्या गोषवाऱ्याखाली सरांच्या नावाने ‘उत्तम प्रयत्न. विश्लेषण अधिक सखोल करता येईल’ असा अभिप्राय आपोआप जाऊनही बसला होता.

दुपारी एका रिकाम्या वर्गात पंखा लावून ते प्रकल्प वाचायला बसले. आधी चुका शोधत वाचला, मग चोरी शोधत. तिसऱ्या प्रकरणाचं नाव होतं ‘संशयाची भाषा’. त्यात एक सूचना जशीच्या तशी उतरवलेली होती : ‘पार्किंगमध्ये पाळीव प्राण्याने जे केले आहे, ते कोणाच्या प्राण्याने केले आहे हे समितीस पूर्णपणे ठाऊक आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.’ खाली मानसीने लिहिलं होतं : ‘समितीस काहीही ठाऊक नाही, हे “पूर्णपणे” या शब्दावरून कळते. लेखक सुशिक्षित असून निवृत्तीकडे झुकलेला असावा. त्याचा सर्व मजल्यांवर सारखाच संशय आहे.’

सर उठले. पंखा बंद केला. मग पुन्हा लावला.

सूचना त्यांचीच होती. बोरिवलीतल्या आपल्या सोसायटीचे सचिव या नात्याने त्यांनी ती घरच्या प्रिंटरवर छापून संध्याकाळी फलकावर लावली होती आणि सकाळी अध्यक्षांनी ती काढायला लावली होती. व्हॉट्सॲप ग्रुपवर ती गेलीच नव्हती. ती उतरवून घ्यायला त्या संध्याकाळी फलकासमोर कुणीतरी स्वतःच्या पायांवर उभं असायला हवं होतं.

मुलीने हे स्वतः लिहिलं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. मात्र त्याआधी, मुलीने हे मुद्दाम लिहिलं आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिला फोन लावला.

“ही पार्किंगची सूचना कुठली गं?”

“नॅशनल पार्कच्या साइडची एक सोसायटी आहे, सर. सहाव्या मजल्यावर एका आजींचा डबा असतो.”

“आणि हा सचिव कोण?”

“काय माहीत. सही कोंबडीच्या पायासारखी होती. का, सर?”

“काही नाही,” सर म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी प्राचार्य डॉ. बॅप्टिस्ट यांच्या खोलीत सुनावणी झाली. शीतल मॅडम लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. मानसी दाराजवळच्या खुर्चीत होती.

“जयवंतराव,” प्राचार्य म्हणाले, “पोर्टल एक्क्याण्णव म्हणतंय. तुमचं मत?”

“प्रकल्प तिनेच लिहिलाय. पोर्टलच्या भाषांतरामुळे—”

“भाषांतर हा कराराचा विषय आहे, सर,” शीतल मॅडम चटकन म्हणाल्या. “आज तो अजेंड्यावर नाही.”

“मग पुरावा?” प्राचार्यांनी विचारलं.

सरांनी तिसरं प्रकरण काढून ती सूचना आणि तिच्यावरचं विवेचन मोठ्याने वाचलं. ‘सर्व मजल्यांवर सारखाच संशय’पर्यंत आले तेव्हा प्राचार्य खदखदा हसत होते.

“आमच्या मरोळच्या बिल्डिंगमध्ये पण आहे एक असा नमुना! पण जयवंतराव, ही नोटीस यंत्राने रचली नाही कशावरून?”

“खरी आहे. फलकावर एकच रात्र होती. मूळ कागद माझ्याकडे आहे.”

“तुमच्याकडे कसा काय?”

सरांनी मानसीकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती. वर्ष जाणार अशी तिची तयारी झालेली दिसत होती.

“मी सचिव आहे,” सर म्हणाले.

“आई गं!” मानसी म्हणाली.

प्राचार्यांचं हसणं थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्यांची नजर आता सरांवर होती.

“म्हणजे ही विद्यार्थिनी तुमच्या इमारतीत येते-जाते.”

“डबा पोचवायला.”

“तुमच्याकडे?”

“सहाव्या मजल्यावर. मी चौथ्यावर राहतो.”

“लिफ्टमध्ये गाठभेट?”

“आमच्या लिफ्ट वेगळ्या असतात,” मानसी म्हणाली.

शीतल मॅडमची बोटं लॅपटॉपवर चालत होती. अर्ध्या तासाने निर्णय झाला. प्रकल्प विद्यार्थिनीचाच असल्याचं सिद्ध झालं. तिचे गुण बाहेरचे परीक्षक देणार होते. परुळेकर सरांनी विद्यार्थिनीशी असलेला भौगोलिक संबंध आधी जाहीर केला नव्हता, त्यामुळे या सत्रातलं त्यांचं सगळं मूल्यमापन निरीक्षणाखाली ठेवण्यात आलं.

बाहेर जिन्यात मानसीने त्यांना गाठलं.

“सर, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं तो सचिव तुम्ही आहात ते.”

“माझी अजून तशी खात्री पटलेली नाही,” सर म्हणाले.

“बरं. पण प्रकल्प कसा होता, ते कुणी बोललंच नाही. पोर्टलवरचा तुमचा शेरा निहारलापण तोच आलाय.”

सर पायरीवर थांबले. वरून खाली जाणारी पोरं त्यांना वळसा घालून जात होती.

“दुसरं प्रकरण लांबलंय. पाण्याच्या टाकीच्या सगळ्या सूचना सारख्याच आहेत, दोन ठेव, बाकीच्या काढ. तिसरं चांगलं आहे. पण ‘निवृत्तीकडे झुकलेला’ हे कशावरून लिहिलंस?”

“नोटिशीखाली ‘स्थळ : मुंबई’ लिहिलं होतं. बोरिवलीतल्या माणसाने, बोरिवलीतल्या माणसांना. वर फलकसुद्धा बोरिवलीतच. असं आता कोण लिहितं?”

“मग हे प्रकल्पात का नाही घातलंस?”

“शब्दमर्यादा होती ना.”

“घाल,” सर म्हणाले. “नुसत्या संशयावर कुणाबद्दल काही लिहायचं नसतं.”

मानसीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग सॅकमधून पेन काढलं आणि तेही लिहून घेतलं.