मोकळ्या जागेचा नियम

चारुता आणि हिमांशू यांनी औरंगाबादेत शाळेच्या मुलांसाठी मराठीतून एक छोटी संगणकभाषा करायला घेतली, तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. पडेगावकडे नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या ऑफिसचा नळ बहुतेक दिवस कोरडाच असायचा. दोघांचं भांडण मात्र कंसांवरून व्हायचं. एखाद्या अटीखाली, म्हणजे ती खरी असेल तरच चालणाऱ्या ओळी कोणत्या, ते कंसात घालून दाखवावं असं हिमांशूचं म्हणणं. चारुताला कंस म्हणजे पानावरचा कचरा वाटायचा. आधी मोकळी जागा सोडून जी ओळ आत सरकवली ती अटीखालची, असा नियम तिनं केला.

"फोनवरून लिहिणाऱ्यांच्या जागा कमीजास्त होतील," हिमांशू म्हणाला.

"नीट लिहायची सवय लागेल."

पहिल्या प्रात्यक्षिकाला देवगाव रंगारीच्या शिक्षिका सायली आल्या. आज कोणत्या वस्तीवर टँकर जाणार हे सांगणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. तो चालवला, तर सगळ्याच वस्त्यांपुढे 'आज टँकर' उमटलं. लोक हसले. चारुताही हसली. "मॅडम, आधी जागा नीट सोडा, मग मुलांना शिकवा." सायली जागेवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी चारुतानं त्यांची फाइल उघडली. ओळी अगदी सरळ रेषेत होत्या. पण काहींच्या आधी एकेक करून दिलेल्या स्पेस होत्या, काहींच्या आधी टॅबच्या बटणानं एकदम सोडलेली जागा. डोळ्यांना ते सारखंच दिसत होतं. तिचा नियम मात्र टॅबच्या ओळी गुपचूप अटीबाहेर काढत होता. तिचे कान तापले. शेजारी बसलेल्या हिमांशूनं फाइल पाहिली आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला, ते तिला जास्त लागलं.

"कंस घालू," ती म्हणाली. "जागेला अर्थच नको."

मग ती एसटीनं देवगावला गेली आणि वर्गाबाहेर सायलींची माफी मागितली.

"मला वाटलं माझंच चुकलं. पोरांचा संगणकाचा तास बंद केला मी," सायली म्हणाल्या. "लोक हसले त्याचं काही नाय. तुम्हीबी हसलात."

चारुताची मान खाली गेली. "मुलांना मी सांगू?"

"सांगा. माझ्यासमोर सांगा."

फळ्यापुढे उभी राहून ती म्हणाली, "तुमच्या मॅडमचं बरोबर होतं. भाषा चुकली होती, आणि ती मी केली."

"मग आपला तास?" एका मुलीनं सायलींना विचारलं.

सायलींनी फळा पुसला. "सोमवारपासून."

चहाचं त्यांनी विचारलं नाही. चारुता एकटीच स्टँडकडे निघाली.