मोज्यांच्या पाच कंपन्या

थोरलीचा मोज्यांचा कारखाना म्हणजे सहा यंत्रं आणि हवेत सतत उडणारे सुताचे तंतू. दुकानदार म्हणत, माल चांगला आहे, पण यांना ओळखतं कोण? पाकिटावर एखाद्या खेळाडूचा फोटो आला नाही, तर या हंगामात दोन यंत्रं विकावी लागणार होती. तिने धाकट्या बहिणीला कामाला लावलं.

"खेळाडू जाहिरातीचे किती घेतात, शोधून काढ. तुझं शिक्षण एकदा तरी माझ्या उपयोगी पडू दे."

धाकटी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. धावणारे आणि पोहणारे आवाक्यातले नाहीत, हे तिला लगेच कळलं. मग चालण्याच्या शर्यतीतली एक खेळाडू सापडली. तिचा एजंट म्हणाला, "वर्षाचे दोन लाख. आधी मोजे पाठवा, ती घालून बघेल." थोरलीकडे बरोबर तेवढेच होते. तिने लगेच एक जोड पाठवून दिला.

कुणीही इथेच थांबलं असतं. पण एकाच नमुन्यावर निष्कर्ष काढणं धाकटीच्या स्वभावात नव्हतं. तिने नवऱ्याला, सासूबाईंना, मामांना आणि एका मैत्रिणीला त्याच एजंटकडे फोन करायला लावलं. प्रत्येकाने वेगळी मोज्यांची कंपनी व्हायचं. आकडे आले: अडीच, तीन, साडेतीन, पाच.

"पाच?" थोरली ओरडली. "अगं, भाव काढायला सांगितला होता, वाढवायला नाही! एवढी गिऱ्हाइकं रांगेत उभी केलीस, तर तो काय फुकट देणार?"

"म्हणजे आपल्या मोजण्यानेच आकडा हलला," धाकटी पुटपुटली.

"कौतुक वाटतंय तुला?"

"थोडंसं."

दोन दिवसांनी कारखान्यात खेळाडूचाच फोन आला. थोरलीने तो स्पीकरवर टाकला.

"मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता आठवड्यात पाच कंपन्या, सगळ्या मोजेवाल्या! एका मालकीणबाईंनी तर एजंटला विचारलं, पोरगी वेळेवर जेवते ना?"

थोरलीने कपाळावर हात मारला. धाकटी खाकरली. "त्या माझ्या सासूबाई. बाकीच्या कंपन्याही घरच्याच."

पलीकडून खदखदून हसणं ऐकू आलं.

"जेवते म्हणून सांगा त्यांना. पण तुमची शिवण बोटांवर घासते हो. फोड आणणाऱ्या मोज्यांवर माझा फोटो पाच लाखांतही नको. ती शिवण काढा, दोन लाखांत सही करते. एजंटचं मी बघते."

थोरलीने तोवर एक मोजा उलटा करून शिवणीवरून अंगठा फिरवला होता. "बिनशिवणीचा जोड उद्याच पाठवते."

"आणि बाकीच्या कंपन्यांना नकार कोण कळवणार?" खेळाडूने विचारलं.

"तिघांना मी कळवते," धाकटी म्हणाली. "सासूबाईंना मात्र तुम्हीच सांगा. त्यांनी कंपनीचं नावसुद्धा ठरवलंय."