पाच व्हिडिओ, सगळे पापण्यांचे

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. काचेला तडा गेलाय आणि पाठीवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे आहेत. नवा होतो तेव्हा माझ्या कॅमेऱ्याचं कोण कौतुक! माझे मालक रंगारी. भिंत रंगवून झाली की ते तिचा फोटो काढत आणि घरी बायकोला दाखवत.

मग त्यांना चक्कर येऊ लागली. छत रंगवायला मान वर केली की सगळं गरगर फिरे आणि अर्ध्या मिनिटात थांबे. मुकादम म्हणाला, "सकाळी सकाळीच घेऊन आलात का?" दारूच्या थेंबालाही न शिवलेला तो माणूस मान खाली घालून रंग ढवळू लागला. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरबाईंनी आडवं करून तपासलं, तर त्या दिवशी डोळे अगदी शहाण्यासारखे स्थिर! त्या म्हणाल्या, "चक्कर येईल तेव्हा मोबाईलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढा. बुबुळं कशी उडतात त्यावरून कानातला बिघाड कळतो. तोवर शिडी चढू नका."

चक्कर आली की मालकीणबाई मला घेऊन धावत. पण नवऱ्याची भेदरलेली नजर त्यांना बघवेना. "अहो, मिटा डोळे. मिटा बघू, बरं वाटेल." ते मिटत, आणि मी पापण्या टिपत राही. असे पाच व्हिडिओ झाले. त्यांचा मला राग नाही, माझाच येतो. सगळं दिसत असून मला सांगता आलं नाही.

"डोळे उघडे हवेत हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. पुन्हा काढायचं ठरलं. तेवढ्यात मुकादमाचा निरोप आला, उद्या आला नाहीत तर दुसरा माणूस घेतो. मालक शिडी चढले, मान वर केली आणि खाली कोसळले.

इस्पितळात त्यांना कुशीवर वळवताना पुन्हा चक्कर आली. मालकीणबाईंनी बोटांनी त्यांच्या पापण्या उघड्या धरल्या. या वेळी मी बुबुळांची प्रत्येक उडी टिपली. डॉक्टरबाईंनी ती दोनदा पाहिली.

"कानातले बारीक खडे सरकलेत. डोकं ठरावीक रीतीने वळवलं की बहुतेकदा जागेवर जातात. दहा मिनिटांचं काम."

"मग करा ना!"

"आता मान मोडलीय त्यांची. वळवता येणार नाही."

मित्रांनो, घरात कुणाला अशी चक्कर आली तर माझ्यासारखा मोबाईल डोळ्यांजवळ धरा, उजेड असू द्या आणि त्यांना डोळे उघडे ठेवायला सांगा. अर्धं मिनिट मन घट्ट करा. मालकीणबाईंना तेवढं वेळेत जमलं नाही, आणि आता त्या रोज त्यांना चमच्याने भरवतात.