भोगीची वाटी

"वाटी रिकामी कशी?" कारभारींनी विचारलं.

भागूबाई खाटेवर बसून गुडघे चोळत राहिल्या.

कारभारींनी वाटी खिडकीकडे नेऊन उजेडात धरली. तळाला तेलाचा ओघळ, कडेला बोराची एक बी. पस्तीस वर्षं वाळूजच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस; रिकाम्या भांड्यात किती माल होता हे त्यांना नुसतं बघून कळे. पाव किलोला थोडा कमी.

"शेजारच्या महेजबीननं दिली ना? भोगीची भाजी?"

"व्हय."

"अन् तू खाल्लीस?"

"मंग काय वाटीनं खाल्ली?"

कारभारी घड्याळाकडे वळले. दहाला वीस कमी. ते दळण आणायला गेले होते तेवढ्या पाऊण तासात हे झालं होतं.

सात महिन्यांपूर्वी भागूबाईंच्या किडन्या थकल्या आणि डॉक्टरांनी पोटॅशियम नावाच्या शत्रूची ओळख करून दिली. हा शत्रू मोठा रसिक निघाला. पावसाळ्यात तो तांदुळज्यात बसे, दिवाळीत सीताफळात, पौषात हरभऱ्याच्या पाल्यात, उन्हाळ्यात चिवळीच्या भाजीत. म्हणजे भागूबाईंनी चाळीस वर्षं ज्या महिन्यात जे म्हणून रांधलं, ते सगळं त्यानं व्यापलेलं. डॉक्टरांनी उपायही सांगितला: भाजी चिरून दोन तास भिजवा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या. ज्या शहरात नळ आठवड्यातून एकदा येतो, तिथं हे त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली.

कारभारींनी दोन जादा ड्रम आणले आणि स्वयंपाक स्वतःच्या ताब्यात घेतला. बटाट्याचा काप पाच मिलिमीटरचा, कमी नाही, जास्त नाही. मेथी उकळून निघाली की जुन्या खाकी पँटच्या रंगाची होई. "ही मेथी नाय, मेथीचं मयत हाये," असं भागूबाई म्हणत आणि खात. कारभारीही तेच खात. वेगळी फोडणी त्यांनी स्वतःसाठी एकदाही घातली नव्हती.

दिवाळीत भागूबाईंनी चोरून दोन सीताफळं खाल्ली होती. संध्याकाळी पाय गळाले, काळजाचे ठोके चुकायला लागले. दवाखान्यात पोटॅशियमचा आकडा आला सहा पॉइंट आठ. "अजून तासभर उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी कारभारींवर सोडलं.

आज सोमवार. डायलिसिस शुक्रवारी झालेलं, पुढचं उद्या. तीन दिवसांचं विष अंगात, आणि वर हरभरा, वाल, गाजर, वांगं, सगळं एका वाटीत, एकदाही न उकळता.

"ऊठ. चप्पल घाल."

"मला काय बी झालेलं नाय."

"सीताफळाच्या वेळेला बी हेच म्हणली होतीस."

शेजारच्या दारात महेजबीन पदर तोंडाशी धरून उभी होती. वीस वर्षं भोगीची वाटी भागूबाईंच्या घरातून तिच्या घरी जात आली होती. यंदा पहिल्यांदा तिनं स्वतः रांधून ती उलट धाडली होती. "चाचा, मैं तो खाला को सिर्फ चखने को दी थी," ती रडवेली झाली. "काय कमी हाये ते सांगा म्हणलं. पूरी कायको खाये?"

तिचा नवरा चांदपाशा यानं रिक्षा काढली. हर्सूलहून निघाल्यापासून कारभारी बायकोचं मनगट धरून ठोके मोजत होते. खड्डा आला की मोजणी चुके, ते पुन्हा एकपासून सुरू करत.

"चाचा, टेन्शन नको लेव," चांदपाशा म्हणाला आणि सिग्नल तोडला.

दवाखान्यात सिस्टर प्रेरणानं रक्त घेतलं, छातीला वायरी लावल्या. मग दोघं बाकावर बसले. भागूबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "न खाई भोगी तो सदा रोगी."

"म्हण करणाऱ्याची किडनी शाबूत असंल," कारभारी म्हणाले. ते पुन्हा तिचं मनगट धरून ठोके मोजायला लागले.

"भ्यालात?"

"गप बस."

रिपोर्टला पाऊण तास लागला. तेवढ्यात कारभारी तीनदा काउंटरवर जाऊन आले. तिसऱ्यांदा नुसतेच उभे राहिले.

"काका, पाच पॉइंट दोन," सिस्टर म्हणाली. "ईसीजीची पट्टीपण चांगली आहे. उद्या नेहमीच्या वेळेला या."

"पुन्हा बघा."

"काका, बरोबर आहे."

"तुमचं मशीन शेवटचं कधी तपासलं होतं?"

सिस्टरनं भागूबाईंकडं पाहिलं. भागूबाईंनी मान खाली घातली.

"चावली अन् थुकली," त्या हळू म्हणाल्या.

"काय?"

"पोरगी विचारती, काय कमी हाये. न चाखता कसं सांगावं? एक घास चावला, थुकला. मंग राहवलंच नाय. वाल चावला, गाजर चावलं. पाल्याचा तर निस्ता रस... समदी वाटी चावली. एक थेंब गिळला नाय. कागदात बांधून घंटागाडीत टाकली." त्या थांबल्या. "भोगी कचऱ्यात टाकली मी. वर्साच्या सणाला. कोन्या तोंडानं सांगू?"

"अन् मी इथवर आणस्तोवर..."

"सांगितलं असतं तरी मोजल्याबिगर ऐकलं असतं का तुमी?"

कारभारींनी तिच्या चपला बाकाखालून ओढून पायांपुढं सरळ ठेवल्या.

घरी पोचेपर्यंत दोन वाजले. महेजबीन दारातच उभी होती. रिक्षातून उतरता उतरता भागूबाई म्हणाल्या, "वाल लवकर टाकलेस, गाळ झाला. गूळ पार शेवटी टाकायचा. बाकी लई चांगली झाली." महेजबीन आधी हसली आणि मग रडली.

"उरलीय का गं थोडी? ह्यांना वाढ."

"मला नको," कारभारी म्हणाले.

"बसा."

महेजबीननं बाजरीची भाकरी आणि भाजी ताटात वाढली आणि ती निघून गेली. कारभारी ताटापुढं बसून राहिले. भागूबाईंनी खुर्ची ओढली आणि त्या समोर बसल्या.

"खा की. मी बघते."

त्यांनी घास घेतला. सात महिन्यांनी जिभेवर हरभऱ्याच्या पाल्याची आंबूस चव उतरली आणि त्यांना ते लपवता आलं नाही. ते चावत राहिले, खूप वेळ, मान खाली घालून.

"गिळा," भागूबाई म्हणाल्या.

त्यांनी वर पाहिलं. ती त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. त्यांनी घास गिळला, तेव्हा तिचाही गळा हलला.