मागचा बाक

टेकडीवरच्या आमच्या मंडळीच्या चर्चमध्ये सगळ्यांत मागे, दाराला लागून एक बाक आहे. त्याला पाठ टेकायला फळी नाही. ज्याच्या हातून चारचौघांत दिसेल असं पाप घडलं, त्याने सहा महिने तिथे बसायचं. प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी त्याच्यासमोर थांबत नाही आणि गायकांत त्याला जागा नसते. मुदत संपली की ज्याने तक्रार केली त्यानेच मागे जायचं, उजवा हात पुढे करायचा आणि त्या माणसाला हाताला धरून पुढच्या बाकावर आणायचं. हात मिळाल्याशिवाय तिथून कोणी उठत नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासून हे असंच चालत आलं आहे.

डॉरेटला तिथे मी बसवलं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. लग्न नाही आणि पोटात पोर. सभेत उभी राहून तिचं नाव घेणारी मी, इसिल्डा, महिलांची पुढारी. तेव्हाचे पाळक बिचारे म्हणत होते, "बाई, जरा दमानं घ्या." पण मला कुठला दम! "आज हिला सोडलंत तर उद्या पोरी रांग लावतील," असं मी सुनावलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

सहा महिने संपले, तेव्हा हात द्यायला मीच जायला हवं होतं. कोणी विचारलंच तर मी "विसरले" म्हणायची, पण ते खोटं. पहिल्या रविवारी मला चांगलं आठवत होतं. म्हटलं, आधी तिने येऊन विचारावं, जरा मान खाली घालावी. ती आली नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मग पाळक बदलून गेले. नवे आले ते चार टेकड्यांवरच्या चार मंडळ्या सांभाळणारे, आमच्या वाट्याला महिन्यातून एक रविवार. त्यांना जुनं काय ठाऊक? बघता बघता सहा वर्षं झाली आणि डॉरेट मागेच राहिली. "हट्टी आहे, मुद्दाम बसते," असं मीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

आणि दर रविवारी मी पुढे उभी राहून साक्ष द्यायची, "बंधुभगिनींनो, मी आज उभी आहे ती केवळ कृपेने." तोंडात कृपा असायची. मनात मात्र असायचं, की मी उभी आहे ती मी इसिल्डा आहे म्हणून.

गेल्या मंगळवारी सकाळी मी प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड खळ घालून इस्त्री केलं होतं. दोन तास त्यात गेले. ते खुर्चीच्या पाठीवर टाकून मी आईला भरवायला बसले. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. मी कोण, हेही तिला आता कळत नाही. मक्याच्या पिठाची पेज होती, तिला आवडतं तसं जायफळ घातलेली. दोन चमचे गेले, तिसरा तिने फुर्रकन उडवला, तो थेट त्या कापडावर. माझा हात उठला आणि तिच्या गालावर बसला.

ती रडली नाही. गालाला हात लावून म्हणाली, "बाई, मी काय केलं? मला माझ्या घरी जाऊ द्या."

मी मान वर केली तर खिडकीत डॉरेट. दर मंगळवारी ती अंडी घेऊन येते. तिने अंडी खिडकीच्या फळीवर हलकेच ठेवली आणि निघून गेली.

आता जे सांगते त्याची मला थपडेपेक्षाही जास्त लाज वाटते. त्या क्षणी मला आईची कीव आली नाही. मनात पहिलं आलं ते हे, की ही आता टेकडीभर बोंब मारणार. आईच्या गालावर लागलेली पेज मी त्यानंतर पुसली.

बुधवारी सकाळी डॉरेट पुन्हा दारात. "मावशी, वाटी इकडे द्या. तुम्ही दमलात." माझ्या होकाराची वाट न बघता ती आईजवळ बसली आणि एक जुनं गीत गुणगुणायला लागली. आईने चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडलं. सगळी वाटी संपली. शेवटच्या कडव्याला तर आईही गायली, सूर सोडून, पण गायली. डॉरेटचा गाता आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. मंडळीत तिच्यासारखा दुसरा आवाज नाही, हे मला आठवलं.

गुरुवारी ती आली, शुक्रवारीही आली. मी तिला पिशवीभर कोनफळं दिली, तर ती उंबऱ्यावर ठेवून गेली. "घरी आहेत, मावशी." मला कोणाचं फुकट घ्यायची सवय नाही. माझ्या जिवाची नुसती तगमग. वाटायचं, ही आज ना उद्या किंमत मागणार.

शनिवारी मला राहवेना. "कोणाकोणाला सांगितलंस?"

"काय?"

"नाटकं नकोत, डॉरेट. तू पाहिलंस."

"पाहिलं. नाही सांगितलं कोणाला."

"का? माझ्यावर सूड उगवायची याहून चांगली संधी कधी मिळणार होती तुला?"

तिने आईची हनुवटी पुसली. "मागच्या बाकावर सहा महिने कसे जातात ते मला ठाऊक आहे. त्याला टेकायला फळी नाही. तुमची कंबर राहायची नाही, मावशी." आणि हसली.

त्या हसण्यानेच मला राग आला. सुंभ जळतो, पीळ जात नाही. "सहा महिने? तू तर सहा वर्षं हट्टाने बसली आहेस!"

"हट्टाने?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी वाट बघतेय. कोणीतरी हात द्यायला यायला हवं ना? दर प्रभुभोजनाच्या रविवारी पोरीला पांढरा फ्रॉक घालून आणते. म्हणते, आज आईला बोलावतील."

तो फ्रॉक मला माहीत होता. "पोरीला नटवते बघा, जशी काही लग्नाला निघालीय," असं मी बायकांत म्हणाले होते. सगळ्या हसल्या होत्या. मी सगळ्यांत मोठ्याने.

रविवारी मेजावर तेच कापड होतं. धुऊनही पेजेचा पिवळट डाग पुरता गेला नव्हता. साक्षीची वेळ आली, मी उठले. पाळकांचे मदतनीस डीकन एगबर्ट मान डोलवायला लागले. माझी साक्ष त्यांना पाठ आहे. ती ओठापर्यंत आलीही.

"मंगळवारी मी माझ्या आईला मारलं," मी म्हणाले. "थोबाडीत मारलं. आणि डॉरेटला सहा वर्षं मी हात दिला नाही. विसरले नव्हते."

एगबर्ट अर्धवट उठले. "बाई, बसा, बसा. तुमची तब्येत बरी दिसत नाही."

"बसायलाच चाललेय," असं म्हणून मी मागे निघाले. बायका मान वळवून बघत होत्या. आजवर दुसऱ्याच्या वेळी मी तशीच बघत आले होते.

मला बघून डॉरेट सरकली. पांढऱ्या फ्रॉकमधली पोरगीही सरकली. मी बसणार होते, पण आधी हात द्यायचा होता. उजवा हात काही केल्या वर उचलला जाईना. मी डावा पुढे केला.

डॉरेटने त्याच्याकडे पाहिलं. "मावशी, उजवा द्यायचा असतो."

"उजव्यानेच मारलं गं मी तिला."

"ठाऊक आहे. मी खिडकीत होते ना." तिने आपला उजवा हात पुढे केला. "द्या."